‘अव्यवहार्य’ हा शेरा कसा लिहावा: कल्पना तपासण्यापासून ठरावाच्या वाक्यापर्यंत

मंडळाचं प्रोसिडिंग असो, सोसायटीच्या वार्षिक सभेतला ठराव असो की शाळेच्या एसडीएमसीचा (शाळा विकास व देखरेख समितीचा) अहवाल, एखादी सूचना बाजूला सारायची झाली की वहीत एकच शेरा पडतो: ‘सूचना अव्यवहार्य असल्याने नामंजूर.’ दोन वर्षांनी तीच वही उघडली तर काही उमगत नाही. पैसे नव्हते, परवानगी नव्हती, माणसं नव्हती, की सूचना करणारा कुणाला आवडत नव्हता? मग तीच सूचना पुन्हा येते आणि तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो.

हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात मराठीत लिहिणाऱ्या चिटणीस, समिती सदस्य आणि शिक्षकांसाठी आहे. सकाळी कन्नडमधलं पत्र हातात घेऊन संध्याकाळी त्याची मराठी सूचना फलकावर लावणाऱ्यांनी शेवटचा टप्पा आधी वाचला तरी चालेल.

अर्थ एवढाच: व्यवहार्य म्हणजे प्रत्यक्षात आणता येण्याजोगं. अव्यवहार्य म्हणजे कदाचित करता येईलही, पण हाताशी असलेल्या पैशात, माणसांत, जागेत किंवा मुदतीत निभणार नाही असं. या शब्दाच्या पोटात नेहमी एक अट दडलेली असते. ती अट शोधून उघड लिहिणं हेच या लेखातलं सगळं काम.

## टप्पा १: सूचना एका वाक्यात उतरवा

तपासणी सुरू करण्याआधी सूचना नेमकी काय आहे हे कागदावर हवं. कोण करणार, काय करणार, कुठे, कधीपर्यंत आणि किती, ही पाचही उत्तरं एका वाक्यात बसवा.

‘गावात वाचनालय चांगलं करावं’ ही तपासता येणारी सूचना नाही. ‘मंडळाने समाजमंदिराच्या मागच्या खोलीत दिवाळीपर्यंत ५०० पुस्तकांचं वाचनालय सुरू करावं आणि ते रोज संध्याकाळी २ तास उघडं ठेवावं’ ही आहे. पहिल्या वाक्याला अव्यवहार्य म्हणणं चूक. ते मोघम आहे, आणि मोघम सूचनेवर शेरा न मारता ती तपशिलासाठी परत पाठवायची असते.

तपासा: लिहिलेलं वाक्य सूचकाला वाचून दाखवा. ‘मी असं म्हणालो नव्हतो’ असं उत्तर आलं तर इथेच थांबून वाक्य दुरुस्त करा. निम्मे वाद इथेच मिटतात.

## टप्पा २: नेमकं अडतंय कुठे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सहा गोष्टी तपासायच्या, आणि त्याही याच क्रमाने: वस्तूचा गुणधर्म, नियम, माप, पैसा, माणसं, मुदत.

क्रम उलटला की सभा लांबते. बहुतेक ठिकाणी चर्चा पैशापासून सुरू होते, कारण पैशावर बोलायला सगळ्यांना येतं. वर्गणीवर अर्धा तास घासाघीस होते आणि मग कुणीतरी सांगतं की मुळात त्या जागेवर बांधताच येत नाही.

गुणधर्म. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एखाद्या शेतकरी गटापुढे सूचना आली असं समजा: ‘रताळ्याला भाव नसेल तेव्हा बटाट्याच्या शीतगृहात ठेवू आणि भाव चढला की काढू.’ भाडं किती, वाहतूक किती हे विचारण्याआधी तापमान विचारा. बियाण्याच्या बटाट्याची खोली साधारण २ ते ४ अंशांवर असते, आणि रताळ्याला १३ ते १५ अंश लागतात. १० अंशांखाली काही दिवस राहिलेलं रताळं वरून बरं दिसलं तरी त्याचा गाभा कडक होतो, शिजवूनही मऊ होत नाही, आतून काळं पडतं आणि बाहेर काढल्यावर झपाट्याने कुजतं. भाडं फुकट मिळालं तरी उपयोग नाही.

पण म्हणून रताळी साठवण्याची कल्पनाच बाद झाली का? तसं नाही. काढणीनंतर ४ ते ७ दिवस ३० अंशांच्या आसपास आणि ८५ ते ९० टक्के दमट हवेत ठेवून साल पक्की केली, मग १३ ते १५ अंशांच्या स्वतंत्र खोलीत ठेवली, तर रताळी टिकतात. म्हणजे एका सूचनेचे दोन भाग झाले. पहिला गुणधर्मावर अडला. दुसऱ्याचा प्रश्न पैशाचा आहे आणि त्याचा हिशोब अजून कुणी केलेला नाही. दोन्ही भागांना मिळून एकच ‘अव्यवहार्य’ लावला तर दुसरा भाग विनाकारण मरतो.

नियम. शेतजमिनीवर मंगल कार्यालय बांधायचं तर कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या कलम ९५ प्रमाणे जमीन सहसा आधी एनए (बिगरशेती) करून घ्यावी लागते. परवानगी नाकारली गेली असेल तर तसं लिहा. अर्जच केला नसेल तर ‘अर्ज केलेला नाही’ एवढंच खरं आहे. अर्ज न करता ‘परवानगी मिळणार नाही, सबब अव्यवहार्य’ असं लिहिणं म्हणजे कचेरीचा निकाल आपणच देऊन टाकणं.

माप. खानापूरकडच्या गावात अशी सूचना हमखास ऐकायला मिळेल: ‘ओढ्यावर लहान जनित्र बसवून समाजमंदिराला वर्षभर फुकट वीज घेऊ.’ इथे मत देऊ नका, मोजा. ओढ्याचं सगळं पाणी पाटाने एका ठिकाणी आणून २०० लिटरच्या बॅरलमध्ये सोडा आणि ते किती सेकंदांत भरतं ते पाहा. १० सेकंदांत भरलं तर प्रवाह सेकंदाला २० लिटर. पाणी ३ मीटरवरून पडत असेल तर २० × ३ × ९.८१ म्हणजे सुमारे ५९० वॅट. लहान यंत्रात आणि तारेत निम्मं जातं असं धरा. हाती राहतात ३०० वॅटच्या आसपास, म्हणजे काही दिवे आणि दोन-तीन पंखे.

हे झालं ऑगस्टचं. फेब्रुवारीत तेच बॅरल भरायला १०० सेकंद लागले तर उरतात ३० वॅट. सूचनेतला ‘वर्षभर’ हा शब्द इथे पडला. पावसाळ्यापुरती सूचना मात्र अजून उभी आहे.

सावध: पाणी, वीज, गर्दी, काहीही मोजायचं असो, माप सगळ्यात वाईट महिन्यात किंवा वेळेला घ्या. पावसाळ्यात मोजून ठरवलेल्या योजना एप्रिलमध्ये बंद पडतात.

पैसा. नुसतं ‘खर्चिक’ पुरत नाही, कशाच्या तुलनेत ते सांगा. समजा, मंडळाने स्वतःचा मंडप घ्यायचा म्हटलं तर ३,००,००० रुपये आणि आज भाड्याला वर्षाचे ४०,००० जातात. खरेदी वसूल व्हायला साडेसात वर्षं लागतील. त्यात गोदामाचं भाडं आणि फाटलेल्या कापडाचा खर्च धरलेला नाही. कापड तेवढी वर्षं टिकणार नसेल तर हिशोब तिथेच संपला.

माणसं. सूचना करणाऱ्याला विचारा, ‘कामाला कोण?’ उत्तरात ‘आपण सगळे’ आलं की समजा कुणीच नाही. नावं लिहून घ्या, नावापुढे वार आणि वेळ लिहा. रोज २ तास वाचनालय उघडायचं तर आठवड्याचे १४ तास होतात. दोन माणसांच्या भरवशावर ते फार दिवस चालत नाही, सहा जण हवेत.

मुदत. इथे फार घोळ नसतो. उरलेले दिवस आणि लागणारे दिवस शेजारी शेजारी मांडले की उत्तर दिसतं.

## टप्पा ३: अडचणीला जुळणारा शब्द निवडा

अडचण सापडली की शब्द आपोआप सुचतो. तरी पुढचे शब्द सारखे एकमेकांच्या जागी पडतात.

अशक्य: कोणत्याही खर्चात, कुणालाही न होणारं. २ अंशांवर रताळं टिकवणं अशक्य. तोंडी भाषेत मुलं ‘अशक्य आहे हा!’ कौतुकानेही म्हणतात. ठरावात तो अर्थ कुणी घेणार नाही, पण व्हॉट्सॲपवर घेतात.

अव्यवहार्य: होऊ शकतं, पण दिलेल्या अटींत निभत नाही.

अवास्तव: यात दोष अंदाजाचा असतो. ‘पहिल्याच वर्षी १,००० सभासद होतील’ हा अंदाज अवास्तव. अंदाज खाली आणला की योजना व्यवहार्य ठरू शकते, म्हणून या दोन शब्दांची अदलाबदल करू नका.

असाध्य: मराठीत हा मुख्यतः रोगाला लागतो, औषधाने बरा न होणारा. योजनेला लावू नका. सीमाभागात ही चूक का होते ते शेवटच्या टप्प्यात आहे.

अपुरी, मोघम: अजून तपासण्याजोगी नाही. अशी सूचना परत पाठवा.

तहकूब, स्थगित, नामंजूर: हे सूचनेचे गुण नव्हेत, सभेने केलेली कृती आहे. सूचना अव्यवहार्य असते; सभा ती नामंजूर करते किंवा विषय तहकूब ठेवते. माहिती अपुरी असताना ‘नामंजूर’ लिहिलं की सूचकाला पुढच्या सभेत तो विषय मांडणं विनाकारण अवघड होतं.

तपासा: ‘पैसे दुप्पट दिले तर होईल का?’ हे स्वतःला विचारा. उत्तर ‘होईल’ असेल तर ‘अशक्य’ खोडा.

## टप्पा ४: शब्दाचं रूप बरोबर लिहा

तीन रूपं जवळजवळ सारखी दिसतात. कल्पना, योजना, बेत *अव्यवहार्य* असतो. माणूस *अव्यवहारी* असतो. सल्ला, दृष्टिकोन, वागणं *अव्यावहारिक* असतं. ‘ते अव्यवहार्य गृहस्थ आहेत’ हे वाक्य बऱ्याच वेळा ऐकू येतं आणि प्रत्येक वेळी चुकीचंच असतं.

‘अव्यवहारिक’ असं लिहू नका. ‘व्यवहार’ला ‘इक’ लागला की ‘व्य’चा ‘व्या’ होतो: व्यावहारिक, अव्यावहारिक. ‘अव्यवहार्य’मध्ये मात्र ‘व्या’ येत नाही. ‘अव्यावहार्य’ हे दोघांची खिचडी झालेलं रूप छापील पत्रिकांतही दिसतं.

शेवटचं अक्षर ‘र्य’ आहे, ‘ऱ्य’ नव्हे. कार्य, आचार्य, सूर्य यांच्यासारखा रफार डोक्यावर येतो. ‘ऱ्य’ हा दुसऱ्या, शेतकऱ्याला अशा शब्दांसाठी. मोबाइलच्या कीबोर्डवर काही वेळा सुचवणीतून ‘अव्यवहाऱ्य’ येतं. पाठवण्याआधी शेवटचं अक्षर बघा.

विभक्तीत हा शब्द बदलत नाही: अव्यवहार्य योजना, अव्यवहार्य योजनेला, अव्यवहार्य बेतांमुळे. नाम हवं असेल तर अव्यवहार्यता.

## टप्पा ५: वाक्य जुळवा

वाक्यात चार तुकडे हवेत आणि ते याच क्रमाने: सूचनेचा कोणता भाग, कोणत्या अटीत, आकड्यासह कारण, काय बदललं तर पुन्हा विचार.

चुकीचं: *ओढ्यावरील वीजनिर्मितीची सूचना अव्यवहार्य असल्याने नामंजूर.*

बरोबर: *ओढ्यावरील वीज वर्षभर वापरण्याची सूचना सध्याच्या प्रवाहात अव्यवहार्य आहे. फेब्रुवारीच्या मापानुसार ३ मीटर उंचीवरून सुमारे ३० वॅट वीज मिळते. केवळ पावसाळी वापराचा प्रस्ताव खर्चासह आल्यास विचार करावा.*

बरोबर: *बटाट्याच्या शीतगृहात रताळी ठेवणे तापमानामुळे अशक्य आहे. १३ ते १५ अंशांच्या स्वतंत्र खोलीचा खर्च उपलब्ध नसल्याने तो विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.*

वाक्य लांबलं तर तोडा, पण आकडा गाळू नका. आकडा नसलेला शेरा मत ठरतो, आणि मत वहीत कुणाच्या तरी नावावर असायला हवं: ‘श्री. अमुक यांच्या मते’.

सावध: ‘सर्वानुमते अव्यवहार्य’ हा जोड टाळा. सर्वानुमते ठराव होतो. सर्वांनी हात वर केले म्हणून बॅरल लवकर भरत नाही.

तोंडी सांगताना हा शब्द शक्यतो वापरूच नका. वयाने मोठ्या माणसाने भरसभेत बेत मांडला आणि धाकट्याने ‘काका, हे अव्यवहार्य आहे’ म्हटलं की काका दुखावतात आणि बेतही तिथेच राहतो. ‘काका, बेत चांगला आहे, पण पाण्याचा मेळ बसत नाही’ म्हटलं की बोलणं पाण्यावर जातं. ‘मेळ बसत नाही’, ‘हिशोब जुळत नाही’, ‘एवढ्या दिवसांत उरकणार नाही’ हे सगळे त्याच शब्दाचे बोलके पर्याय आहेत, आणि प्रत्येकात अडचण कुठे आहे तेही येतं.

## टप्पा ६: म्हण वापरायची तर नेमकी वापरा

ठरावात म्हण नको. भाषणात, लेखात, अग्रलेखात हवी तेवढी घ्या. पण आपल्या म्हणीसुद्धा अडचणीप्रमाणे वाटलेल्या आहेत, हे लिहिणारे विसरतात.

खर्च फळापेक्षा जड असेल तर ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’. वरचा मंडप इथे बसतो. योजना उत्तम पण करायला कुणी पुढे येत नाही, तिथे ‘मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?’ मुळात साधनच नसेल तर ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ वस्तू अजून हातात नाही आणि वाटणीवरून भांडण सुरू, तिथे ‘बाजारात तुरी, भट भटणीला मारी’. मुदत उलटून गेल्यावर केलेल्या तजविजीला ‘वरातीमागून घोडं’.

दोन उंटांची गल्लत फार होते. उंटावरचा शहाणा म्हणजे भलता उपाय सांगणारा. रांजणात वासराचं डोकं अडकलं, तर हे महाशय उंटावरून उतरायला तयार नाहीत, म्हणून आधी घराची भिंत पाडायला लावतात, मग वासराची मान कापायला सांगतात आणि शेवटी रांजणही फोडतात. उपाय मूळ अडचणीपेक्षा महाग असला की हा वापरा. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणजे स्वतः कामात न उतरता लांबून हुकूम सोडणे. त्यातली योजना कदाचित उत्तमही असेल. तक्रार हाकणाऱ्याबद्दल आहे. पुण्या-मुंबईत राहून गावच्या मंडळाच्या ग्रुपवर आदेश देणाऱ्यांना दुसरा उंट लागू, पहिला लागेलच असं नाही.

मनातले मांडे हा शब्दप्रयोग बेळगावात तरी चुकू नये, कारण उपड्या भांड्यावर भाजलेला, पिठीसाखर भरलेला खरा मांडा इथल्या लग्नांत पानात पडतो. मनातले मांडे खायचे असतात. पुढे मिळणाऱ्या सुखाची चव आधीच घेत बसणं हा त्याचा अर्थ. खर्चाचा अंदाज, जागा, नावं जोडून समितीपुढे ठेवलेल्या योजनेला ‘मनातले मांडे’ म्हणणं अन्यायाचं आहे, भले ती अव्यवहार्य असो. याच्या जोडीची म्हण ‘मनात मांडे, पदरात धोंडे’ निकाल लागल्यानंतरची. योजना फसण्याआधी ती वापरता येत नाही.

‘आकाशाला गवसणी घालणे’ हल्ली कौतुकाने वापरतात. टीकेत लिहिलंत तर वाचणारा सत्कार समजेल.

## टप्पा ७: कन्नडमधून मराठीत आणताना

इथे सगळ्यात जास्त घसरतं, कारण शब्द दोन्हीकडे एकच दिसतात आणि अर्थ वेगळे असतात.

कन्नड साध्य म्हणजे शक्य. मराठी साध्य म्हणजे मिळवलेलं, किंवा गाठायचं ध्येय. पत्रात ‘साध्यविल्ल’ असेल तर मराठीत ‘शक्य नाही’ लिहा. ‘साध्य नाही’ लिहिलं तर प्रयत्न करून हाती आलं नाही असा वास येतो. तसंच कन्नड असाध्य म्हणजे अशक्य. मराठीत तो दुर्धर रोग होतो.

कन्नड कार्यसाध्य म्हणजेच आपलं व्यवहार्य. ‘कार्यसाध्यवल्ल’ला नेमका जोडीदार ‘अव्यवहार्य’, आणि ‘कार्यसाध्यता वरदी’ म्हणजे व्यवहार्यता अहवाल. सरकारी कन्नडमध्ये आपल्याला हवा तो शब्द हाच आहे. मराठी ठरावाची कन्नड प्रत डीसी ऑफिसला (जिल्हाधिकारी कचेरीला) किंवा पंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) द्यायची असेल तर तोच वापरा. मराठीतला ‘अव्यवहार्य’ अक्षरशः कन्नड लिपीत उतरवू नका.

सगळ्यात घातक शब्द अवकाश. ‘नियमदल्लि अवकाशविल्ल’ म्हणजे नियमात तरतूद नाही. मराठीत अवकाश म्हणजे वेळ किंवा पोकळी. ‘या कामास अवकाश नाही’ असं फलकावर लागलं की लोक समजतात काम लगेच सुरू होणार! शिवाय तरतूद नसणं म्हणजे अव्यवहार्य असणं नव्हे. इथे अडचण नियमाची आहे, म्हणून टप्पा २ मधल्या ‘नियम’ या दुसऱ्या मुद्द्याखाली ती लिहा आणि शेरा असा द्या: ‘नियमात तरतूद नसल्याने सध्या करता येत नाही.’

गाळिगोपुर म्हणजे वाऱ्यावरचं गोपूर. मराठीत ‘हवेत इमले बांधणे’ घ्या. ‘हवेतलं गोपूर’ असं उतरवलं तर मराठी वाचक देऊळ शोधत बसेल.

‘ठराव’ हा शब्द मात्र दोन्ही भाषांत चालतो, तो बदलायची गरज नाही.

तपासा: मराठी मजकूर तयार झाला की साध्य, असाध्य, अवकाश हे तीन शब्द मोबाइलवर शोधून पाहा. सापडलेल्या प्रत्येक जागी मूळ कन्नड वाक्य पुन्हा वाचा, आणि मगच सही-शिक्क्यासाठी अध्यक्षांकडे पाठवा.